अपलोड लावलं की वायफाय जातं: नेमकं कुठे तुटतंय ते आधी शोधा

दुखणं असं असतं. व्हिडिओ बिनतक्रार चालतात, मीटिंगा होतात, डाउनलोडलाही काही अडचण नाही. पण ड्राइव्हवर दहा-पंधरा जीबीचा फोल्डर चढवायला लावला की थोड्याच वेळात वायफायचं चिन्ह जाऊन तिथे पृथ्वीचा गोल येतो. नाहीतर चिन्ह तसंच राहतं आणि अपलोडची पट्टी एका आकड्यावर अडून बसते. राउटर बंद करून चालू केला की सगळं ठीक. पुन्हा अपलोड लावलं की पुन्हा तेच. इंटरनेटवाल्याला फोन केला तर तो स्पीड टेस्ट करायला सांगतो, ती झकास येते आणि तक्रार बंद होते.

यावर लोक सहसा जे करतात त्यातलं निम्मं मला पटत नाही. नेटवर्क रीसेट, विंडोज नव्याने टाकणं, नवा राउटर आणणं, हे सगळं आधी आणि निदान नंतर. ‘अपलोड करताना वायफाय जातं’ या एका वाक्यामागे निरनिराळी दुखणी असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून कुठलीही सेटिंग बदलण्याआधी एवढंच बघा: लॅपटॉप ते राउटर या टप्प्यात तुटतंय, की राउटर ते बाहेरचं जग या टप्प्यात? अर्ध्या तासाच्या आत कळतं आणि खर्च शून्य.

खाली मुख्यतः विंडोज धरून लिहिलंय. मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी जिथे वेगळं आहे तिथे सांगतो.

अपलोडच का?

डाउनलोडमध्ये राउटर बोलतो आणि लॅपटॉप ऐकतो. लॅपटॉपकडून अधूनमधून छोट्या पोचपावत्या तेवढ्या जातात. अपलोडमध्ये सगळं उलटं होतं. लॅपटॉपच्या आतल्या २२ बाय ३० मिलिमीटरच्या वायफाय कार्डाला सलग, न थांबता प्रक्षेपण करावं लागतं आणि ते राउटरला ऐकू जावं लागतं. राउटर भिंतीतल्या विजेवर चालतो, त्याचे अँटेना बाहेर उभे असतात. लॅपटॉपचे अँटेना स्क्रीनच्या कडेला पातळ पट्टीसारखे चिकटवलेले असतात आणि वर बॅटरी वाचवायची असते, म्हणून त्याचा आवाज मुळातच बारीक. गच्चीवरून भोंग्यातून बोलणाऱ्याचं खाली रस्त्यावर स्पष्ट ऐकू येतं, पण खालच्याने नुसत्या तोंडाने दिलेलं उत्तर वर पोचेलच असं नाही.

इथेच बहुतेकांची फसगत होते. वायफायच्या चिन्हातल्या रेषा लॅपटॉपला राउटर किती ऐकू येतो ते दाखवतात. राउटरला लॅपटॉप किती ऐकू येतो याचा त्यात काहीही हिशेब नसतो. त्यामुळे ‘रेंज तर फुल्ल आहे’ हे वाक्य अपलोडच्या तक्रारीत पुरावा म्हणून चालत नाही.

दोन खिडक्यांची चाचणी

कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आयपीकॉन्फिग ही आज्ञा द्या. ‘डिफॉल्ट गेटवे’ या ओळीपुढे राउटरचा पत्ता दिसेल. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. आता कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारी-शेजारी ठेवा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, दुसरीत १.१.१.१ या बाहेरच्या पत्त्याला. पिंग म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा. पिंग या शब्दानंतर वजा चिन्ह आणि टी हे अक्षर दिलं की तो थांबवेपर्यंत चालूच राहतो. लिनक्स आणि मॅकवर तो तसाही थांबत नाही.

काहीही अपलोड न करता मिनिटभर बघा. वायफायवर राउटरचं उत्तर साधारण १ ते १० मिलिसेकंदांत येतं, मधूनच एखादं ३०-४० चं आलं तर घाबरायचं कारण नाही. आता नेहमीचं अपलोड लावा आणि दोन्ही खिडक्यांकडे डोळे लावून बसा. होतं ते पुढच्यांपैकी एक होतं.

राउटरच्या खिडकीत ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ किंवा ‘जनरल फेल्युअर’ येऊ लागलं, तर तुमचं वायफाय खरोखर तुटतंय. बाहेरची खिडकी तेव्हा अर्थातच बंद पडणार, तिच्याकडे लक्ष देऊ नका. दोष लॅपटॉप, राउटर किंवा त्यांच्यामधल्या हवेत आहे आणि इंटरनेटवाल्याच्या लाइनचा यात संबंध नाही.

राउटरचं उत्तर येतंय, पण २ वरून चढत ४००-५०० मिलिसेकंदांवर गेलंय, तर तुटलेलं नाही, पण लॅपटॉपकडून राउटरकडे जाणारी वाट अरुंद झाली आहे आणि लॅपटॉपच्याच दारात रांग लागली आहे. हे सहसा पुढच्या तुटण्याचं लक्षण असतं.

राउटरचं उत्तर शांतपणे ३-४ मिलिसेकंदांत येतंय आणि बाहेरचा पिंग २० वरून हजार-दीड हजारावर गेलाय किंवा मधे मधे गळतोय, तर वायफायला दोष देणं सोडा. दुखणं राउटरच्या पलीकडे आहे.

आणि दोन्ही खिडक्या ठणठणीत, तरीही अपलोड अडलंय, असंही होतं. तेव्हा व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा खाजगी बोगदा), अँटिव्हायरस किंवा एमटीयूकडे (माहितीच्या एका पाकिटाचा कमाल आकार) बघायचं. त्याबद्दल शेवटाकडे.

जाताजाता अजून एक बघून ठेवा: अपलोड अडल्याच्या क्षणी घरातल्या बाकीच्यांचं काय होतं? टीव्हीवरचं चित्रही अडकलं, दुसऱ्या फोनवरचा व्हॉट्सॲप कॉलही तुटला, तर तुमचा लॅपटॉप निर्दोष असण्याची शक्यता बरीच जास्त. फक्त तुमचंच गेलं, तर घरचा भेदी लॅपटॉपमध्येच.

वायफाय खरंच तुटत असेल तर

विंडोजकडे याची नोंद असते, ती बघायची तसदी कोणी घेत नाही. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि नेटएसएच, डब्ल्यूलॅन, शो, डब्ल्यूलॅनरिपोर्ट हे चार शब्द मधे जागा सोडून इंग्रजीत टाइप करा. मागच्या तीन दिवसांत वायफाय कधी जोडलं गेलं, कधी तुटलं आणि का, याचा आलेखासकट अहवाल ब्राउझरमध्ये उघडता येईल अशा फाइलमध्ये तयार होतो. फाइलचा पत्ता तिथेच खाली छापून येतो. त्यात तुटण्याचं कारण ‘ड्रायव्हरने संपर्क तोडला’ अशा अर्थाचं असेल तर ड्रायव्हर (विंडोजकडून कार्ड चालवून घेणारं सॉफ्टवेअर) आणि वीजबचत यांच्याकडे वळा. ‘नेटवर्क उपलब्ध नाही’ अशा अर्थाचं असेल तर सिग्नलकडे. आणि तुटण्याच्या बरोबर आधी लॅपटॉप झोपी गेल्याची नोंद असेल तर हसा आणि पुढचा परिच्छेद वाचा.

कारण हे फार वेळा निघतं. अपलोडला पाऊण तास लागणार असतो, माणूस लावून जेवायला जातो, लॅपटॉप ठरल्या वेळी झोपतो. परत आल्यावर माऊस हलवला की स्क्रीन उजळते, वायफाय पुन्हा जोडलं जात असतं आणि अपलोड ‘फेल्ड’. निष्कर्ष: वायफाय खराब. सेटिंग्जमध्ये पॉवर अँड बॅटरीखाली चार्जरवर असताना झोपायची वेळ ‘नेव्हर’ करा. झाकण लावल्यावर काय करायचं तेही तिथून किंवा कंट्रोल पॅनलमधून बदला, नाहीतर कोणीतरी धूळ बसू नये म्हणून झाकण मिटणार आणि पुन्हा पहिल्यापासून.

झोपेचा प्रश्न नसेल तर कार्डाची वीजबचत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली वायफायचं कार्ड, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब, आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला कॉम्प्युटरला परवानगी देणारी खूण काढून टाका. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत हा टॅबच दिसत नाही, तेव्हा तो शोधत बसू नका. साधी परीक्षा म्हणून चार्जर लावून आणि काढून तेच अपलोड करून बघा. चार्जर लावल्यावर टिकतं आणि बॅटरीवर तुटतं, तर उत्तर मिळालं. लिनक्सवर आयडब्ल्यू या आज्ञेने कार्डाची पॉवर सेव्ह बंद करता येते. ते कायमचं हवं असेल तर नेटवर्क मॅनेजरच्या फाइलमध्ये वायफाय पॉवरसेव्हची किंमत २ करायची.

बाहेरची हार्ड डिस्क: ज्यावर कोणाचा संशय जात नाही

माझा आतेभाऊ लग्नांचे फोटो काढतो. त्याचं अपलोड दिवसा-रात्री कधीही तुटायचं, पण ऑफिसच्या कागदपत्रांचं, म्हणजे वहिनीचं, त्याच लॅपटॉपवरून त्याच टेबलावरून कधी तुटत नसे. फरक एवढाच की त्याचे फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर असत आणि तो थेट तिथूनच चढवायला लावत असे. डिस्क लॅपटॉपच्या डाव्या अंगाला, बिजागरीजवळच्या पोर्टात, वीतभर वायरने लोंबत.

यूएसबी ३.० च्या वायरीतून ५ गिगाबिट प्रतिसेकंद वेगाने माहिती धावते तेव्हा तिच्यातून आणि जोडणीच्या तोंडातून रेडिओ गोंगाट बाहेर सांडतो, आणि तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या वायफाय पट्ट्यावर येऊन पडतो (वायफायचे नेहमीचे पट्टे दोन, २.४ आणि ५). ही ऐकीव गोष्ट नाही. इंटेलने २०१२ मध्ये यावर मोजमापांसकट टिपण प्रसिद्ध केलं होतं. डिस्क किंवा वायर अँटेनाच्या जवळ असेल आणि वायरीचं कवच हलकं असेल, तर लॅपटॉपला राउटरच्या पोचपावत्याच ऐकू येत नाहीत. पोचपावती आली नाही की लॅपटॉप तोच तुकडा पुन्हा पाठवतो, मग पुन्हा, मग वेग कमी करून पुन्हा, आणि शेवटी संपर्क सुटतो. डिस्क नुसती लावून ठेवली तर फारसं काही जाणवत नाही. फाइली वाचल्या जाऊ लागल्या की गोंगाट वाढतो, आणि त्या वाचल्या जातात अपलोडच्याच वेळी. म्हणून आळ अपलोडवर.

खात्री करायची सोपी युक्ती आहे. लॅपटॉप २.४ वर जोडलेला ठेवा, राउटरला पिंग लावा, आणि काहीही अपलोड न करता डिस्कवरची एक मोठी फाइल नुसती डेस्कटॉपवर कॉपी करा. कॉपी चालू असताना पिंग गळायला लागला आणि कॉपी संपताच सुरळीत झाला, तर चोर सापडला. आमच्याकडे कॉपीची हिरवी पट्टी सरकायला लागली की पिंगच्या ओळी अडखळायच्या, आणि पट्टी नाहीशी झाली की पुन्हा २, ३, २, २.

उपाय अनेक आहेत आणि सगळे स्वस्त. पहिला: फाइली आधी लॅपटॉपवर कॉपी करा, डिस्क काढून ठेवा, मग अपलोड करा. दुसरा: जागा नसेल तर डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टात, लांब आणि चांगल्या कवचाच्या वायरीने, स्क्रीनपासून दूर ठेवा. तिसरा: ५ गिगाहर्ट्झवर जा, तिथे हा गोंगाट छळत नाही. चौथा मला सर्वांत आवडतो, कारण तो ऐकून लोक तोंड वाकडं करतात: डिस्क जुन्या यूएसबी २.० पोर्टात किंवा २.० च्या वायरीने लावा. ‘पण मग स्लो होईल ना?’ होऊ दे की. यूएसबी २.० वरून सेकंदाला साधारण ३०-४० मेगाबाइट निघतात. तुमची १०० एमबीपीएसची लाइन सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट नेणार. नळ अर्ध्या इंचाचा असताना टाकीच्या पाइपाची चिंता कशाला?

यूएसबी-सी पोर्टात लावायचे स्वस्तातले हबही असाच गोंगाट करतात. हब काढून एकदा अपलोड करून बघायला काही लागत नाही.

अंतर, पट्टा आणि अँटेनाची वायर

लॅपटॉपचा आवाज राउटरपर्यंत पोचतोय का, हे बघायला विंडोजमध्ये जागा आहे. मघाच्या नेटएसएचच्याच आज्ञेत शेवटचा शब्द बदलून इंटरफेसेस करा. समोर येणाऱ्या यादीत रिसीव्ह रेट, ट्रान्समिट रेट आणि सिग्नल या तीन ओळी कामाच्या. अपलोड चालू असताना ही आज्ञा पुन्हा पुन्हा द्या. रिसीव्ह ३०० च्या पुढे आणि ट्रान्समिट घसरत २६, १३, ६.५ वर येत असेल, तर लॅपटॉपला ऐकू छान येतंय पण त्याचं बोलणं पोचत नाहीये. सिग्नलचा टक्का विंडोजमध्ये उणे १०० डीबीएमला (सिग्नलची ताकद मोजायचं एकक, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) शून्य आणि उणे ५० ला शंभर असा सरळ मोजलेला असतो. म्हणजे ७० टक्के म्हणजे उणे ६५, चांगला. ५० टक्के म्हणजे उणे ७५, आणि तिथे अपलोडची खात्री मी तरी देणार नाही. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की सिग्नल (थेट डीबीएममध्ये) आणि ट्रान्समिट रेट दिसतात.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये फायबरची वायर दारातून येते म्हणून राउटर दाराशी, चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे कोंबलेला असतो. काम मात्र आतल्या बेडरूममध्ये, मधे आरसीसीचा कॉलम आणि स्टीलचं कपाट. राउटर टीव्हीमागून काढून उंचावर, उघड्यावर ठेवला तर पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. राउटरच्या पुढे रिपीटर (सिग्नल लांबवणारा डबा) लावला असेल तर अपलोडच्या परीक्षेपुरता तो बंद करा. एकाच रेडिओवर ऐकणारे आणि बोलणारे रिपीटर वेग निम्मा करतात आणि लॅपटॉप राउटर व रिपीटर यांच्यात उड्या मारत बसतो ते वेगळंच.

उड्या पट्ट्यांमध्येही मारल्या जातात. २.४ आणि ५ या दोन्हींचं नाव एकच ठेवलेलं असेल तर राउटरच्या पानावर जाऊन त्यांना वेगवेगळी नावं द्या आणि निदानापुरतं तरी लॅपटॉपला एकाच नावावर बांधा. राउटर त्याच खोलीत असेल तर ५. मधे दोन भिंती असतील तर ५ चा आवाज पोचत नाही, तिथे २.४ बरा, पण मग चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी जिथे शेजाऱ्यांची गर्दी कमी तो घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केली तर कागदावर वेग दुप्पट दिसतो, पण सोसायटीत पंचवीस राउटर असताना प्रत्यक्षात धक्के दुप्पट. ५ वर चॅनेल ‘ऑटो’ असेल आणि तो ५२ ते १४४ मध्ये जाऊन बसला असेल, तर रडारची चाहूल लागताच राउटरला नियमाने तो सोडावा लागतो. ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढचा चॅनेल पक्का करून टाका, विषय संपला.

लॅपटॉपची बिजागरी किंवा स्क्रीन अलीकडे बदलून आणली आहे का? असेल तर राउटरपासून दोन फुटांवर बसून सिग्नल बघा. तिथेही तो साठ-सत्तरच्या वर चढत नसेल तर अँटेनाची वायर बिजागरीत चेपली गेली आहे किंवा कार्डावरून निसटली आहे. कार्डाला सहसा अशा दोन वायरी असतात आणि त्यांच्या टोकांना तांदळाच्या दाण्याहून लहान पितळी टोप्या. एक निसटली तरी लॅपटॉप चालतो, व्हिडिओ चालतो, फक्त दम नसतो. दुरुस्तीवाल्याला ‘वायफाय बघा’ असं मोघम सांगू नका. ‘दोन्ही अँटेना बसल्यात का ते बघा’ असं सांगा.

ड्रायव्हरबद्दल थोडक्यात: लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा, तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. त्रास एखाद्या विंडोज अपडेटनंतर सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधल्या ‘रोल बॅक’ने मागचा आणा. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाची फुकट सॉफ्टवेअरं मात्र लॅपटॉपच्या आसपास फिरकू देऊ नका.

वायफाय शाबूत, बाहेरचं तुंबलंय

राउटरचा पिंग शांत आणि बाहेरचा भडकलेला, हे चित्र दिसलं तर या दुखण्याचं नाव आहे बफरब्लोट. जिम गेटिस या अभियंत्याने २०१० च्या सुमारास याचा छडा लावून हे नाव रूढ केलं. घडतं असं: लॅपटॉप राउटरला झपाट्याने माहिती देतो, राउटरची बाहेरची लाइन मात्र तेवढी रुंद नसते, म्हणून राउटर ती आपल्या स्मृतीत साठवतो. समजा लाइन अपलोडला १० एमबीपीएस आहे आणि रांगेत २ मेगाबाइट साठले आहेत. २ मेगाबाइट म्हणजे १६ मेगाबिट, ते बाहेर पडायला १.६ सेकंद लागणार. तुमची प्रत्येक छोटी विनंती, साइटचा पत्ता विचारणं असो की कॉलमधला आवाज, त्या रांगेच्या शेवटी उभी राहते. घरातल्या सगळ्यांचीच.

यात विंडोज तेल ओततं. नेट आहे की नाही हे बघायला ते मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक पत्त्यावर विचारणा करतं. उत्तर वेळेत आलं नाही की ‘नो इंटरनेट’ आणि तो पृथ्वीचा गोल. वायफाय जागच्या जागी असतं, लाइनही चालू असते, पण माणूस उठून राउटरचं बटण दाबतो. रांग पुसली जाते, सगळं सुरळीत होतं, आणि ‘राउटर रीस्टार्ट केला की ठीक होतं’ ही समजूत पक्की.

उपाय म्हणजे अपलोडला लाइनच्या थोडं खाली लगाम. आधी अपलोडचा वेग मोजा. ओक्लाच्या स्पीडटेस्टमध्ये अपलोड चालू असतानाचा पिंगही वेगळा दाखवतात, तोही बघून ठेवा. समजा वेग २० एमबीपीएस आला, म्हणजे सेकंदाला २५०० किलोबाइट. त्याचे ८० टक्के, २०००. गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप ॲपमध्ये बँडविड्थच्या सेटिंगखाली आणि वनड्राइव्हमध्ये सिंकच्या सेटिंगखाली अपलोडची मर्यादा घालता येते, तिथे हा आकडा टाका. ब्राउझरमधून फाइली ओढून टाकल्या तर अशी मर्यादा मिळत नाही, म्हणून मोठ्या कामाला ॲपच वापरा. ॲपचा दुसरा फायदा म्हणजे मधे तुटलंच तर ते जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करतं, ब्राउझरची खिडकी बंद झाली की सगळं पाण्यात.

घरात सगळ्यांसाठी एकदाच सोय करायची असेल तर राउटरच्या क्यूओएसमध्ये (कोणाला किती वेग द्यायचा ते ठरवणारी सेटिंग) अपलोडची कमाल मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ टक्क्यांवर बांधा. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) चालणारा राउटर असेल तर त्यातलं एसक्यूएम, म्हणजे रांग आवरणारी सोय, लावा आणि त्यात केक ही पद्धत निवडा. फरक पहिल्या दिवशी कळतो.

एका साध्या गोष्टीकडेही नजर टाका: तुटतं त्या क्षणी राउटरचे दिवे. सगळे एकदम विझून पुन्हा लागत असतील तर राउटर स्वतःच बंद पडतोय. वर्षानुवर्षं तापलेला १२ व्होल्टचा अडॅप्टर भार आला की मान टाकतो. वीज जाण्याच्या भीतीने लावलेला मिनी यूपीएसही थकला की हेच करतो, म्हणून परीक्षेसाठी राउटर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. फक्त फायबरचा दिवा लाल होत असेल तर मात्र इंटरनेटवाल्यालाच बोलवा, आणि त्याला दोन्ही खिडक्यांचा फोटो दाखवा. ‘राउटरचा पिंग ३, बाहेरचा टाइम्ड आउट’ हे डोळ्यांसमोर असलं की रीस्टार्ट करा म्हणायची सोय उरत नाही.

दोन्ही खिडक्या ठीक, तरी पट्टी हलत नाही

साधा मेल जातो, अटॅचमेंट लावली की अडतो. पानं उघडतात, फोटो चढत नाही. हे एमटीयूचं दुखणं असू शकतं. एका पाकिटात जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात, पीपीपीओईने (युजरनेम-पासवर्ड देऊन जोडायची पद्धत) चालणाऱ्या लाइनवर त्यातले ८ कमी होऊन १४९२ उरतात, व्हीपीएन आणखी खातो. छोटी पाकिटं सुखाने जातात, काठोकाठ भरलेली वाटेतच गडप होतात. अपलोडची पाकिटं काठोकाठच असतात. विंडोजच्या पिंगला वजा एफ (पाकिटाचे तुकडे करू नको) आणि वजा एल १४७२ (पाकिटातला मजकूर एवढा) असं सांगून बघा, उत्तर नाही आलं तर १४६४, मग आणखी कमी. जो आकडा चालेल त्यात २८ मिळवले की तुमचा एमटीयू. तो राउटरच्या वॅनच्या (बाहेरच्या लाइनच्या) पानावर टाका. ऑफिसचा व्हीपीएन लावल्यावरच त्रास होत असेल तर हा आकडा घेऊन आयटीवाल्यांना भेटा.

व्हीपीएन नसेल तर अँटिव्हायरसचं वेब स्कॅनिंग थोडा वेळ बंद करून बघा. तेही नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये ‘लार्ज सेंड ऑफलोड’ (पाकिटं पाडायचं काम कार्डावर सोपवणारी सेटिंग) असेल तर ते बंद करा. ते फक्त पाठवण्याच्या वेळीच कामाला येतं, त्यामुळे बिघडलं तर डाउनलोडला काही कळत नाही.

आज रात्रीच पाठवायचं असेल तर

लॅनची वायर लावा. पोर्ट नसेल तर यूएसबीला लावायचा इथरनेटचा छोटा अडॅप्टर मिळतो. दिवाळी अंकाची अंतिम पीडीएफ छापखान्यात पोचवायची असताना पट्टे आणि चॅनेल यांचा अभ्यास करण्यात अर्थ नाही. वायरही तुटतेय असं दिसलं तर वायफायचा संशय तिथेच संपला, म्हणजे निदानही फुकटात झालं. वायर नसेल तर फोनचा हॉटस्पॉट लावून तेच अपलोड करा. हॉटस्पॉटवरही तसंच तुटलं तर गुन्हेगार लॅपटॉप.

आणि एवढं सगळं करून कार्डच गेलंय असं ठरलं, तर ते बदलता येतं, बऱ्याच लॅपटॉपांत दोन स्क्रूंचं काम आहे. मात्र घेण्याआधी तळ उघडून बघा, काही पातळ लॅपटॉपांत ते बोर्डावरच डकवलेलं असतं. इंटेलचं घेणार असाल तर एएक्स २०० आणि एएक्स २१० ही साध्या पीसीआय एक्स्प्रेस जोडणीची कार्डं आहेत. एएक्स २०१ आणि एएक्स २११ दिसायला अगदी तशीच, पण ती ठरावीक इंटेल प्रोसेसरांबरोबरच चालतात. एएमडीच्या लॅपटॉपात बसतील, स्क्रूही लागतील, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये काहीच दिसणार नाही.